गोधडीचा घास

पार्वताबाई गोधडीला जेवू घालीत असत. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. तीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवल्यामुळे जे दिसले तेवढेच टिपून ठेवण्याची मला सवय आहे, आणि त्यापलीकडचे लेखन या वयात जमेल असा भरवसाही नाही. तेव्हा वाचकांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा. त्या गोधडीला खरोखरच घास भरवीत.

त्याची रीत ठरलेली होती. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून, बारीक धावदोऱ्याने गोधडी कडेपासून मध्यापर्यंत शिवून झाली, की भोवती लाल कापडाचा गोट लागे. तीन बाजू पुऱ्या होत, चौथीही होत येई, आणि शेवटच्या कोपऱ्याशी दोन बोटांची जागा उघडी ठेवून बाई सुई तिथेच टोचून ठेवीत. या जागेला त्या ‘तोंड’ म्हणत. मग गोधडी खांद्यावर टाकून मालकिणीच्या घरी जात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसत आणि विचारीत, “आज काय रांधलं वं?” पोळीचा किंवा भाकरीचा तुकडा तळहातावर आला, की आधी स्वतः चाखत, मग नखाएवढा कण त्या तोंडात सारत आणि गोट शिवून टाकत.

“ज्या घरचा घास, त्याच घरची झोप,” हे त्यांचे एक सूत्र. “उपाशी गोधडी ऊब देत नाही,” हे दुसरे. अंथरलेली गोधडी कोणी ओलांडली तर त्या सुई वर धरून विचारीत, “निजलेल्या माणसाले ओलांडते का कोणी?” ओलांडणारा मागे फिरून, गोधडीला वळसा घालून जात असे.

एकोणीसशे साठचे दशक तेव्हा संपत आले होते. नागपुरात शुक्रवार तलावाजवळ सहा खोल्यांची एक ओळ होती. तिच्यात पाचवी खोली माझी आणि सहावी पार्वताबाईंची. त्या एकट्याच राहत आणि एकीपुरतीच भाकर थापत. साठीच्या घरात होत्या, बांधा काटक, आणि चष्म्याची एक काडी गोटाच्याच लाल चिंधीने बांधलेली.

चाखण्याच्या या अधिकारामुळे गल्लीतल्या बायका त्यांना वचकून असत. एका घरी भाकरीचा तुकडा जिभेवर ठेवून बाईंनी सुनेला शांतपणे विचारले होते, की सासूशी बोलणे किती दिवसांपासून बंद आहे. ते आठ दिवसांपासून बंद होते. मीठ दोनदा पडले आहे, म्हणजे दोघींनी एकमेकींना न विचारता घातले, असा त्यांचा तर्क. एका वकिलीणबाईंनी मोलकरणीच्या हाती बशीतून बिस्कीट पाठवले, तेव्हा बाईंनी बिस्कीट, बशी आणि गोधडी तिन्ही परत केली आणि हे कोणाच्या चुलीवर झाले, तेवढे विचारून ये म्हणून सांगितले. दुसऱ्या एकीने मुद्दाम पुरणपोळी केली. बाईंनी ती चाखली, वाखाणली आणि सकाळची साधी भाकर मागून घेतली. “गोधडीले रोजचं लागते,” त्या म्हणाल्या. “सणाची सवय लावली, तर थंडीत रुसून बसते.”

म्हातारी गोधडीच्या नावावर स्वतःचीच जीभ चाळवते, असेही काहीजणी मागे बोलत. मला हा आरोप पटला नाही, कारण दुसरा घास घेताना बाईंना कोणी पाहिले नव्हते. मात्र दुसऱ्या एका टोमण्यात तथ्य होते. बाईंची स्वतःची गोधडी तारेवर उन्हात पडे, तेव्हा चारी बाजूंना गोट असूनही तिचा चौथा कोपरा उघडा दिसे. नळावर कोणीतरी विचारीच, “बाई, तुमचीच गोधडी उपाशी काहून?” बाई बादली उचलीत आणि म्हणत, “धागा सरला.” त्यांच्या खोलीत लाल धाग्याच्या रिळांनी भरलेला डबा होता, हे सर्वांना ठाऊक होते. पुढे कोणी विचारीत नसे. मीही विचारले नाही.

माझी आई गेली, त्यानंतर आमच्या गावाहून, पारशिवनीहून, तिची सहा लुगडी पेटीतून माझ्याकडे आली. ती पेटी मी वर्षभर न उघडता खाटेखाली ठेवली. बाईंना हे कसे कळले, ते मला आजही सांगता येणार नाही. एके दिवशी त्यांनी पेटी ओढून बाहेर काढवली. “पेटीत ठेवून काय करता मास्तर? मायचं लुगडं अंगावर पाहिजे,” म्हणाल्या, आणि सहाही लुगडी काखेत मारून घेऊन गेल्या.

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी त्या तयार गोधडी घेऊन माझ्या उंबऱ्यावर बसल्या. आज काय रांधले, हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होते. मी जेवत असे खानावळीत. म्हणून आदल्या दिवशीच तिथली एक पोळी कागदात बांधून आणली होती. बाईंनी ती चाखलीही नाही, नुसती हुंगली.

“हा घास कोणाच्याच घरचा नाही गा.”

संकोच बाजूला ठेवून मी त्यांना बुरशीविषयी थोडी माहिती दिली, आणि कापडात अन्न ठेवल्यास मुंग्या येतात हेही सांगितले. माझे विद्यार्थी ऐकत त्याहून अधिक लक्षपूर्वक त्यांनी ते ऐकून घेतले. “मुंग्या येतात, खातात अन् घरी जातात,” त्या म्हणाल्या. “तुमच्यावाणी खानावळीत नाही बसत.” आणि गोधडी पुन्हा खांद्यावर टाकून निघून गेल्या.

वस्तुस्थिती अशी होती, की माझ्या खोलीत मी कधी आग पेटवलीच नव्हती. ती खोली म्हणजे माझी पुस्तके ठेवण्याची जागा होती. परगावच्या एका महाविद्यालयाचे बोलावणे आले होते. होकाराचे पत्र लिहून मी टेबलावर ठेवले होते आणि गोधडी हाती येताच ते टपालात टाकून निघायचे, असे ठरवले होते. उघड्या तोंडाची गोधडी तशीच मागून घेता आली असती. पण आईची लुगडी उपाशी आहेत, हे बाईंचे म्हणणे मला शास्त्राच्या आधारे खोडता येत असूनही मनातून जाईना.

मी वातीचा स्टोव्ह, तवा आणि ज्वारीचे पीठ आणले. पहिल्या रविवारची भाकर बाईंनी बोटाच्या पेराने वाजवून पाहिली. हा दगड आत घातला, तर गोधडी एकीकडे झुकते, असा निर्णय मिळाला. पुढच्या रविवारची वरून करपली होती आणि आतून कच्ची होती. “हिले ताप आहे,” म्हणून त्यांनी ती परत केली. थंडी वाढत होती. मी अंगावर चादर आणि चादरीवर कोट घेऊन निजत होतो. त्या आठवड्यात मात्र मी पीठ घेतले, की भिंतीपलीकडून सूचना येऊ लागल्या. पाणी उकळते घ्या. मळून राहिले का थोपटून राहिले? पिठाले भ्याचं नाही, मास्तर.

तिसऱ्या रविवारी माझी भाकर फुगली. मी इतका चकित झालो, की ती उतरवायची आहे हे क्षणभर विसरलो. झुणकाही बरा झाला होता. पण पिठाचा अंदाज आईचा होता. एका माणसापुरते पीठ तिने कधी घेतल्याचे मला आठवत नाही, आणि माझ्या हातानेही डब्यातून दोन भाकरींचे पीठ काढले होते.

बाई आल्या, उंबऱ्यावर बसल्या आणि नेहमीप्रमाणे तुकड्यासाठी तळहात पुढे केला. माझ्याकडे ताट एकच होते. त्यात मी भाकर, झुणका आणि कांदा वाढला, ते त्यांच्यापुढे ठेवले आणि माझी भाकर डब्याच्या झाकणावर घेतली.

“हे काय?”

“जेवा.”

“घासापुरतं दे गा.”

“दोन झाल्या आहेत,” मी म्हणालो. “ही तुमचीच आहे.”

बाई उंबऱ्यावरून उठल्या, बाहेर जाऊन हात धुऊन आल्या आणि प्रथमच खोलीच्या आत येऊन मांडी घालून बसल्या. सावकाश त्यांनी ती भाकर संपवली. परीक्षेच्या निकालाची वाट पाहावी तसा मी बसलो होतो. शेवटी मीच विचारले, मीठ कसे झाले.

बाई पाणी प्यायल्या. “आज नाही समजलं गा मले, मी जेवत होती,” म्हणाल्या.

नंतर त्यांनी माझ्या झाकणातल्या भाकरीचा कण आईच्या गोधडीत सारला, गोट शिवला, धागा तोडला आणि गोधडी घडी करून माझ्या हातावर ठेवली. जाताना पुन्हा झाकणाकडे बोट दाखवून, हा एवढा तुकडा नेऊ का, असे त्यांनी विचारले. मी हो म्हटले. तो त्यांनी पदराच्या टोकाला बांधला. चिमण्यांसाठी असेल, असे मला वाटले.

होकाराचे पत्र मी टपालात टाकलेच नाही. पुढे माझे घर झाले, त्यात माणसे आली. पण ते घर मी त्या रविवारपासून मोजतो, आणि ते ज्यांनी मला करायला लावले, त्यांचे आभार मी त्यांच्यासमोर कधी मानू शकलो नाही. ती गोधडी आजही मी पांघरतो. मुंग्या आलेल्या नाहीत.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नळावर गेलो, तेव्हा बाईंची गोधडी तारेवर उन्हात पडली होती. तिचा चौथा कोपरा शिवलेला होता. जुना गोट विटून विटकरी झाला होता, त्यावर दोन बोटांएवढा नवा धागा लालभडक दिसत होता. नळावरच्या बायकांनीही तो पाहिला. त्यांतल्या एकीला राहवले नाही.

“बाई, धागा भेटला वाटते?”

पार्वताबाईंनी बादली भरू दिली, उचलली.

“भेटला,” म्हणाल्या.