मुरारीच्या सोयरिकीचा पंचनामा

या, असे जवळ सरकून बसा. टाळ खाली ठेवा, पायाला मुंग्या आल्या असतील तर मांडी बदला, पण उठू नका. हरीचं नाव घेऊन आज एक हकिकत सांगणार आहे: एका माणसाचं मोडलेलं मन कागदोपत्री कसं दुरुस्त झालं, त्याची.

माणसाचं दुःख त्याच्या एकट्याचं कधीच नसतं. ते वाडीच्या मालकीचं असतं. मालकी आली की देखभाल आली, देखभाल आली की समिती आली, आणि समिती आली की चहा आला. ज्यांना हे पटत नाही त्यांनी शहरात राहावं आणि एकेकट्याने रडावं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, एस.टी.तून उतरून अर्धा तास चढलं की आमचं करंजकोंड लागतं. तिथे अशी गैरसोय नाही.

सन पंच्याऐंशीच्या वैशाखात करंजकोंडच्या मुरारीची सोयरीक मोडली. मुरारी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका रसायनाच्या कारखान्यात पाळीवर जात असे. वय पंचवीस, पगार चारशे दहा, स्वभाव गप्प. मुलगी आवळकोंडची, नाव शकू. साखरपुड्याला पाहुणे टेम्पोतून गेले, गूळपाणी झालं, साखर वाटली आणि मानाचा विडा देण्याची वेळ आली. हा विडा मुलाच्या थोरल्या चुलत्याचा, म्हणजे हैबतीरावांचा. मुलीच्या बापाने तो अतिशय आदराने टेम्पोच्या ड्रायव्हरला दिला. (ड्रायव्हरचा शर्ट पांढरा होता. हैबतीरावांचा प्रवासात धुळीने लाल झाला होता.) ड्रायव्हरने विडा खाल्ला. हैबतीराव उठले. त्यांच्यामागून सगळे उठले. मुरारी शेवटी उठला, पण उठला.

उठताना त्याने एकदा आतल्या दाराकडे पाहिलं. शकू हातात ताट घेऊन उभी होती. तो काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली होती, आणि त्यालाही तसंच वाटलं होतं.

आता न्यायाची बाजू नीट समजून घ्या, कारण ती थोडी खोल आहे. सोयरीक करंजकोंडने मोडली. म्हणजे मोडण्याचा त्रास करंजकोंडला झाला. ज्याला त्रास झाला त्याचं नुकसान झालं. नुकसान झालं की भरपाई दुसऱ्या बाजूने द्यायची. गावकीच्या बैठकीत हे सर्वांना पटायला एक चहा पुरला. खर्चाची यादी अशी: साखर-नारळ अठरा रुपये, टेम्पोभाडं पंचेचाळीस, मुलीचं पातळ पंचावन्न (ते परत आणलं होतं, पण मन उडाल्यामुळे किंमत धरली), हैबतीरावांचा नवा फेटा बावीस, आणि हैबतीरावांचा अपमान पंचवीस. एकूण एकशे पासष्ट. अपमान फेट्याहून तीन रुपयांनी महाग का, असं आवळकोंडच्या एका म्हाताऱ्याने विचारलं. त्याला सांगण्यात आलं की फेटा धुता येतो.

शकूच्या बापाकडे एवढी रक्कम नव्हती. तेव्हा दरमहा पंधरा याप्रमाणे अकरा हप्ते ठरले. हप्ते फिटेपर्यंत मुलीची दुसरीकडे बोलणी करायची नाहीत, आणि फिटल्यावर दोन्ही बाजू कायमच्या मोकळ्या, असंही ठरलं.

म्हणजे मुरारीजवळ अकरा महिने होते. त्याला शकूला फक्त चार शब्द सांगायचे होते: सोयरीक मी मोडली नाय. पुढचं काय ते त्या चार शब्दांनंतर सुचलं असतं.

पण मुरारी जेवेना. दुसऱ्या पाळीहून आला की पडवीत बसून राही. पहिल्या आठवड्यात त्याला सल्ला देऊन गेलेल्यांची संख्या सत्तेचाळीस. त्यांपैकी विवाहित पंचेचाळीस, आणि संसारात सुखी (स्वतःच्या सांगण्यावरून) तीन. एवढ्याने गुण येईना, तेव्हा हैबतीरावांच्या अध्यक्षतेखाली मुरारी पुनर्वसन समिती स्थापन झाली. भरपाईचा हप्ता समितीच्या खात्यात जमा करावा, त्यातून मुरारीची मनाने आणि पैशाने पुन्हा उभारणी करावी, असा ठराव झाला.

समितीचे चिटणीस महिपतराव. मुंबईत एका कचेरीत सत्तावीस वर्षं शिपाई होते. निवृत्त होऊन गावी आल्यावर मागच्या पावसाळ्यात दरडी कोसळल्या तेव्हा पंचनाम्याला आलेल्या मंडळींची छत्री त्यांनी धरली होती, आणि उरलेल्या कोऱ्या फॉर्मांचा एक गठ्ठा जपून ठेवला होता. ते म्हणाले, फॉर्म आहे तिथे काम आहे. मन मोडल्याचा वेगळा फॉर्म सरकारने काढलेला नाही, तेव्हा दरडीचाच चालवून घेऊ. प्रोसिजर एकच असते.

पाच पंच पडवीत बसले. मध्ये मुरारी. पंचनामा असा झाला:

घर पूर्णतः पडले की अंशतः? — अंशतः. (पूर्णतः लिहिलं तर वर पाठवावं लागतं.)
छप्पर? — शाबूत. केस दाट.
धान्य भिजले काय? — धान्य कोरडे. मात्र खाणाराने चार भाकऱ्यांवरून दीडवर येऊन बचत केली आहे.
गुरे दगावली काय? — नाही. चुलत्याची एक म्हैस आहे, तिला काही कळलेलं नाही.
रस्ता? — बंद.
पुन्हा दरड येण्याचा संभव? — पंचांत मतभेद.

मुरारीची आई ठकूबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने सुपातून मान वर न करता विचारलं, "पोराला पोरगी पसंत हाय का, ते लिवलंस का रे महिपत?"

महिपतरावांनी फॉर्म दोन्ही बाजूंनी उलटून पाहिला. त्यांच्या कामात हयगय नव्हती.

"वयनी, तो कॉलम नाय," ते म्हणाले.

ठकूबाईने एक खडा उचलून अंगणात टाकला. पंचांनी सह्या केल्या. मुरारीचा अंगठा घेतला. (त्याला सही येत होती, पण आपद्‌ग्रस्ताने अंगठा दिला की कागदाला वजन येतं.)

मग उभारणी सुरू झाली. पैशाची बाजू आधी घेतली. दुःखी माणूस पैसा उधळतो, हे सर्वमान्य असल्याने मुरारीचा पगार हैबतीरावांकडे सुरक्षित ठेवण्यात आला. तोपर्यंतच्या आयुष्यात मुरारीने उधळलेली एकूण रक्कम एक रुपया चाळीस पैसे होती, तीही जत्रेतल्या पाळण्यावर. पण धोका नको. त्या सालात हैबतीरावांच्या घरावर नवी कौलं आली. संकटग्रस्ताच्या शेजारचं घर मजबूत असावं, असं पुनर्वसनाचं तत्त्वच आहे.

मनाच्या बाजूला महाडजवळच्या सव गावचे गरम झरे. तिथल्या पाण्याने खरूज जाते. खरूज म्हणजे काय, तर जे राहून राहून आठवतं ते. तेव्हा मनालाही गुण यायला हरकत नव्हती. मुरारीला बुड्या सात. सोबत समितीचे पाच जण. त्यांच्या बुड्या मोजल्या नाहीत.

या सगळ्यात शकूचा ठावठिकाणा मुरारीला कळला. ठकूबाईने भाकरी वाढता वाढता सांगितलं, आंबेनळी घाटात रोजगार हमीवर दरड उपसायला जाते म्हणून. अडीच दिवस माती वाहिली की एक हप्ता निघत होता. मुरारीने ठरवलं, येत्या सुट्टीला घाटात जायचं. त्या सुट्टीला समितीने सवची फेरी काढली. पुढच्या सुट्टीला ठरवलं, तेव्हा प्रगती अहवालाची सभा निघाली आणि ज्याची प्रगती तोच नसेल तर सभा कशी भरणार? भाद्रपदात तो एकदा खरोखर निघाला, चढणीपर्यंत गेलाही. तिथे महिपतराव भेटले. मुरारीच्या पायांत आलेली ताकद पाहून त्यांना इतका आनंद झाला, की ते त्याला हाताला धरून परत घेऊन आले आणि अहवालात लिहिलं: चालू लागला.

मुरारी हात सोडवून घेऊ शकला असता. महिपतरावांचं वय साठ होतं. पण मोठ्या माणसाचा हात झिडकारायचा नाही, हे त्याच्यावर लहानपणापासून बिंबवलेलं होतं. बाकी काही बिंबवायचं राहून गेलं होतं.

हप्ता मात्र दर महिन्याला आला. पंधरा रुपये, कधी नोटा, कधी नाणी, आणि नाण्यांना लाल माती. ज्येष्ठ गेला, आषाढ गेला, मार्गशीर्ष गेला. आवळकोंडची पार्टी नियमित आहे, असं समितीने दोनदा नमूद केलं, आणि एकदा अभिनंदनाचा ठराव मांडला. पण अभिनंदन कोणाचं करायचं यावर एकमत न झाल्याने ते हैबतीरावांचं करण्यात आलं.

असा चैत्र आला आणि आमचा हरिनाम सप्ताह बसला. सप्ताहाचं सुख मी काय सांगावं. सात दिवस देवळात नाव बंद पडत नाही आणि सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो आणि देणारा घेणाऱ्याच्या. ज्याच्या गळ्यात वीणा, तो उभा. त्याने बसायचं नाही, जागा सोडायची नाही, आणि येणारा जाणारा त्याच्यापुढे वाकतो, मग तो कोणी का असेना. समितीने उपायाचा शेवटचा टप्पा म्हणून मुरारीला दुपारचा पहारा दिला. उभ्या माणसाला पडवीत बसून राहता येत नाही, हे कारण.

आणि खरं सांगतो, त्या पहाऱ्यात त्याला बरं वाटत होतं. तारेवर बोट फिरत होतं, चिपळ्या वाजत होत्या, तोंडी नाव होतं. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच त्याला कोणी काही विचारत नव्हतं. देवाच्या दारात इतकी सोय असते.

सातव्या दिवशी, पहाऱ्याची वेळ संपत आलेली असताना, शकू देवळात आली. उन्हातून आली होती, हात कोपरापर्यंत मातीने लाल. अकरावा हप्ता. समिती सभामंडपात हिशेब मिटवायलाच बसली होती. तिने पंधरा रुपये हैबतीरावांपुढे ठेवले. महिपतरावांनी मोजले, शिक्का मारला, पावती दिली. ती पावती चार घड्या करून तिने ओच्यात खोचली. दोन्ही बाजू मोकळ्या झाल्या.

मुरारीने हे खांबाजवळून पाहिलं. हलता येत नव्हतं. त्याने हैबतीरावांना हाक मारली, "काका, वीणा घेता का जरा?"

"पहारा माझा नाय रे," हैबतीराव म्हणाले. ज्याचा होता तो सयाजी समितीच्या समारोपाच्या जेवणाला बसला होता आणि बासुंदीपर्यंत पोचला होता.

शकू जायला वळली. मग थांबली, कारण वीणेला पाठ दाखवून जायचं नाही, हे आवळकोंडलाही शिकवतात. ती मुरारीपुढे आली आणि वाकली. तिचा हात त्याच्या पायाला लागला. तेवढ्यात, अकरा महिन्यांनी, एकेक शब्द मोजल्यासारखा तो म्हणाला, "सोयरीक मी मोडली नाय."

शकूने कपाळ उचललं. आवाज चढवला नाही. देऊळ होतं.

"ठावं हाय. मोडली तुमच्या काकांनी, पैसं भरलं मी. तुमी काय केलंत, तेवढं कुठं लिवलेलं नाय."

मुरारीची बोटं तारेवर तशीच चालू राहिली. वीणा थांबवायची नसते.

ती गेली. घाटातल्या कामावरची संध्याकाळची हजेरी चुकली असती तर अर्धा खाडा पडला असता. महिपतरावांनी वहीत लिहिलं: आपद्‌ग्रस्त स्पष्ट बोलू लागला, परस्त्रीशीही शांतपणे, पूर्णतः पुनर्वसित. मग जमाखर्च वाचला. जमा एकशे पासष्ट. खर्च: सभांचा चहा व भजी अठ्ठ्याण्णव, सवची फेरी छत्तीस, वही, शाई व शिक्का एकवीस, किरकोळ नऊ. शिल्लक एक रुपया. ही शिल्लक आर्थिक उभारणीपोटी मुरारीला द्यावी असं ठरलं. पण त्याचे हात गुंतलेले होते, म्हणून हैबतीरावांनी ती त्याच्या खिशात टाकली. रुपयाला लाल माती होती.

समितीच्या इतिवृत्ताचं शेवटचं पान माझ्याकडे आहे. त्यावर शेवटचा विषय आहे: मुलीकडील नुकसान. पुढे लिहिलंय: वेळेअभावी तहकूब. खाली उपस्थितांच्या सह्यांना बरीच जागा कोरी आहे.

तुम्हाला मुरारीचा पगार ठाऊक झाला, त्याच्या भाकऱ्या ठाऊक झाल्या, त्याने पाळण्यावर किती उधळले तेही ठाऊक झालं आणि तुम्ही दोनदा चुकचुकलात, मी पाहिलं. शकू किती भाकऱ्या खात होती, तिचं वय किती, तिला तो पसंत होता की नव्हता, हे मी सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही. तेव्हा त्या कोऱ्या जागेत तुम्हा सर्वांची नावं मी घालून टाकली आहेत, माझ्या नावाखाली. हरकत असेल तर आता बोला.

नाही ना? मग उठा, आरतीची वेळ झाली. फक्त एक करा. वीणेपुढे वाकाल तेव्हा घटकाभर वर पाहू नका, आणि आवळकोंडच्या शकूची आठवण ठेवा.