खोली क्रमांक अकरा-अ

लाल वाइन पाहुण्यांना खोलीच्या तापमानाला द्यावी, असा खात्याचा नियम आहे. हा नियम कोणत्या खोलीत बसून केला, ते नमूद नाही. ती खोली गार असणार हे उघड आहे, कारण तिथे बसून लोकांना नियम सुचत होते.

खात्याचे आतिथ्य अधिकारी कित्येक वर्षं हंगामी होते. मुलीच्या शाळेत वडिलांचा हुद्दा लिहिताना दर वर्षी कंसात 'हंगामी' लिहावं लागे, आणि तो कंस त्यांना घासातल्या खड्यासारखा लागे. अशात ऐन उन्हाळ्यात मोठे साहेब तपासणीला येणार असल्याची बातमी आली. रात्रीचं जेवण नीट पार पडलं तर कंस जाणार होता.

आधी वाइन निवडायची होती. दुकानदार म्हणाला, "उकाडा आहे, हलकी लाल घ्या आणि जरा गार करून द्या." खरेदी समितीला हे रुचलं नाही. मोठ्या साहेबांना हलकी? समितीने एकमताने दुकानातली सर्वांत जड, सर्वांत काळीभोर वाइन निवडली. चव कोणी घेतली नाही. समितीचं काम निवडण्याचं होतं.

नियमाप्रमाणे बाटल्या सकाळपासून हॉलमध्ये मांडल्या. हॉलमधलं गार हवेचं यंत्र काटकसरीखातर साहेब आल्यावरच सुरू करायचं होतं. दुपारी अधिकाऱ्यांनी भीतभीत एक घोट घेतला. खोकल्यावर गुण आला असता. त्यांनी तडक घरी फोन लावला.

"अहो, मग फ्रिजमध्ये ठेवा ना थोडा वेळ!" बायको म्हणाली.

"अगं, नियमात खोली म्हटलंय. फ्रिज ही काय खोली आहे?"

"मग करा की खोली! जिन्याखालच्या अडगळीची नाही का केलीत? तिथे दोन माणसं बसतात तुमची."

ती वैतागून बोलली होती, पण अधिकाऱ्यांच्या डोक्यात उजेड पडला. त्यांनी भांडारपालाला बोलावलं. भांडारपालाला नियम तोंडपाठ होते. खोलीला भिंती हव्यात, दार हवं, दिवा हवा. फ्रिजला सगळं होतं. शिवाय दार उघडताच दिवा लागत होता, आणि ही सोय खात्यातल्या दुसऱ्या कुठल्याच खोलीत नव्हती. अकरा नंबरच्या खोलीशेजारच्या त्या फ्रिजवर 'खोली क्र. ११-अ' अशी पाटी ठोकून बाटल्या आत ठेवण्यात आल्या. अधिकाऱ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

तो पुरता बाहेर पडायच्या आत भांडारपाल परत आला.

"साहेब, एक अडचण आहे. कामाच्या वेळेत खोलीचं दार बंद ठेवता येत नाही. जनतेला खुलं लागतं."

"अरे, पण फ्रिज आहे तो!"

"सकाळी होता, साहेब. आता खोली आहे. आणि खोलीला खुर्ची लागते."

खुर्ची आत मावेना, म्हणून उंबऱ्यात ठेवली. दार सताड उघडं राहिलं. फ्रिज बिचारा धापा टाकू लागला आणि त्याच्या पाठीतून निघालेल्या गरम वाफांनी अकरा नंबरपासून हॉलपर्यंत सगळं आणखी तापलं. बाटल्या सकाळपेक्षा गरम झाल्या.

"बर्फ टाकू या?" अधिकारी रडकुंडीला आले.

"बर्फ म्हणजे पाणी. पाणी घातलं की भेसळ. भेसळीला तुरुंग आहे, साहेब."

संध्याकाळी मोठे साहेब आले. गार हवेचं यंत्र सुरू केलं, पण धापा टाकणारा फ्रिज आणि यंत्र असा दुहेरी भार न सोसून फ्यूज उडाला. मेणबत्त्या लावल्या. हॉलला जी काय ऊब कमी होती, तीही त्यांनी दिली. साहेबांनी ग्लास हलवला, हुंगला आणि घोट घेतला. त्यांच्या कपाळावरून घामाची धार निघाली. अधिकाऱ्यांना मुलीची वही दिसली, त्यातला कंस दिसला.

खरं तर साहेबांना थंडगार पाणी हवं होतं. पण वाइन नाकारणारा अडाणी ठरतो, एवढं ते ऐकून होते.

"स्वागतात ऊब आहे," ते म्हणाले.

"ऊब! अगदी ऊब!" समिती म्हणाली. एकाला तर द्राक्षांवरचं ऊन जाणवलं. साहेबांनी दुसरा ग्लास घेतला, म्हणून सगळ्यांना घ्यावा लागला.

महिनाभरात कंस गेला. मुलीने हुद्दा मोकळ्या हाताने लिहिला आणि आईला दोनदा वाचून दाखवला. फक्त कायम जागा कुठे रिकामी नव्हती. खुर्ची मंजूर आहे आणि अधिकारी नाही, अशी खात्यात एकच खोली निघाली. अधिकारी आता तिथेच, फ्रिजच्या उंबऱ्यात बसतात. पुढून घाम येतो, पाठीला गारठा लागतो. बायकोने अर्धा स्वेटर विणून दिलाय, फक्त पाठीचा.

जनतेचे अर्ज त्याच खोलीत घेतात. सुरुवातीला रांगेतले लोक हसायचे. आता कोणी हसत नाही.

तुम्हीही हसू नका. गेल्या आठवड्यात तुमचा नंबर होता. तुम्ही चपला बाहेर काढल्यात, उघड्या फ्रिजच्या दारावर हळूच टकटक केलीत आणि मान लववून विचारलंत, "साहेब, आत येऊ का?"