फोरमनच्या घरचे पाहुणे

अप्पाने ठरवलं, की आज पाहुण्यासारखं बसून राहायचं नाही.

अप्पा म्हणजे कोणी म्हातारा नव्हे. पंपांच्या कारखान्यात नकाशे काढणारा पस्तिशीतला माणूस. लहानपणी मोठ्यांसारखं बोलायची खोड होती म्हणून घरच्यांनी अप्पा म्हणायला सुरुवात केली, आणि परदेशात नोकरीला आल्यावरही तो अप्पाच राहिला. इथे येऊन वर्ष होत आलं, तरी त्याला कोणी घरी बोलावलं नव्हतं. लोक वाईट नव्हते. रस्त्यात भेटले की हसायचे, आणि आपापल्या घरात जाऊन दार लावून घ्यायचे. त्यामुळे फोरमनने स्वतः टेबलापाशी येऊन, "रविवारी आईचा वाढदिवस आहे, तुम्ही दोघांनी यायचं," असं म्हटल्यापासून अप्पाचे पाय जमिनीवर नव्हते.

"मी तिथे कामाला हात लावणार," त्याने बायकोला सांगितलं. "अगदी घरच्यासारखा."

"आपल्या घरी तरी कुठे लावता?"

"म्हणूनच तिथे लावतो. तिथे कोणाला माहीत नाही."

बायको कपडे दुरुस्त करायच्या दुकानात होती. दिवसभर गिऱ्हाइकांशी हुज्जत घालून तिला इथली भाषा सफाईने यायला लागली होती. अप्पाचा दिवस नकाशांशी जायचा, आणि नकाशे बोलत नाहीत. त्याला दहातले सहा शब्द कळत, उरलेले चार तो अंदाजाने भरून घेई. (त्याच्या आयुष्यातली बहुतेक संकटं या चार शब्दांत दबा धरून बसलेली असत.) रविवारीही दुकान उघडं असल्यामुळे बायको भेटवस्तू घेऊन परस्पर येणार होती. "मी येईपर्यंत गप बसा," एवढं बजावून ती गेली.

अप्पा बराच आधी पोचला. पांढराशुभ्र शर्ट, काळी पँट, पाणी लावून बसवलेले केस. दार फोरमनच्या थोरल्या बहिणीने उघडलं. आई तिच्याकडे दुसऱ्या गावी राहायची आणि दोघी आदल्याच दिवशी आल्या होत्या. तिने अप्पाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"किती उशीर. मागच्या दाराने या."

अप्पाला गहिवरून आलं. पुढच्या दाराने काय, कोणीही येतं. मागच्या दाराने यायला सांगतात ते घरच्या माणसाला. शिवाय बाई रागावल्या होत्या, म्हणजे परकं मानत नव्हत्या. त्याने तिथल्या तिथे त्यांना मनातल्या मनात ताई करून टाकलं.

इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी, जी अप्पाला ठाऊक नव्हती. ताईंनी आजच्या दिवसापुरता वाढपाला एक माणूस सांगून ठेवला होता (तो शेवटपर्यंत उगवलाच नाही), आणि या शर्ट-पँटीकडे पाहून हाच तो, असं त्यांनी धरलं होतं. अप्पाला ओळखणारा एकटा फोरमन. तो केक आणायला बाहेर पडला होता आणि त्याचा फोन घरातच टेबलावर राहिला होता.

"हे बांधा," ताईंनी एप्रन पुढे केला. "आधी ग्लास पुसा, मग खुर्च्या मांडा, मग पाणी फिरवा. याआधी कुठे काम केलंय?"

"पंपांच्या कारखान्यात."

"कोणालाही पाठवून देतात," ताई पुटपुटल्या. हे शब्द त्या चारांतले होते, त्यामुळे अप्पा नम्रपणे हसला.

मग त्याने काम असं केलं, की बायकोने पाहिलं असतं तर माहेरी निघून गेली असती. ग्लास लखलखीत केले. एक फुटला, तो फ्रिजमागे सारला. (घरचा माणूसही तेच करतो.) खुर्च्यांची रांग पट्टीने आखल्यासारखी लावली. पाहुणे जमले तशी त्यांच्या कोटांची ओझी खांद्यावर घेऊन आतल्या पलंगावर नेऊन टाकली. कोणी आभार मानले नाहीत, याचं तर त्याला फार बरं वाटलं. आपल्या माणसाचे कोण आभार मानतं?

सगळे बसले, पण जेवण काही सुरू होईना. फोरमनचे काका, पोटावर हात ठेवून बसलेले एक जाडजूड गृहस्थ, तिसऱ्यांदा घड्याळाकडे बघत म्हणाले, "आता कोणासाठी खोळंबलोय?"

"पाहुण्यांसाठी," ताई म्हणाल्या. "ते परदेशातले. त्यांच्याशिवाय आई जेवायला बसणार नाही म्हणते."

अप्पाला वाटलं, असेल यांचा कोणी परदेशात राहणारा नातेवाईक. (परदेशी हे नेहमी दुसरं कोणीतरी असतं. आरशात दिसतो तो माणूस तर रोजच्या ओळखीचा.) त्याला त्या नातेवाइकाचा मनापासून राग आला.

"काही लोकांना वेळेची किंमतच नसते," तो काकांना पाणी देत म्हणाला. वाक्य त्याने भाषेच्या वर्गात पाठ केलेलं होतं, त्यामुळे अस्खलित आलं.

"बरोबर बोललात," काका म्हणाले. दोघांचं तेव्हापासून जमलं.

आई खिडकीपाशी मोठ्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर उशी ठेवलेली होती. अप्पाने पाणी दिलं तेव्हा त्यांनी त्याचं मनगट धरून ठेवलं आणि दमादमाने बोलायला लागल्या.

"लग्न झाल्यावर आम्ही दूरच्या देशात गेलो. यांना गिरणीत काम होतं. मी दिवसभर एकटी खोलीत. भाषा येत नव्हती. दोन हिवाळे कोणाच्या घराची आतली बाजू पाहिली नाही. मग शेजारणीने एकदा जेवायला बोलावलं. काय खाल्लं ते आठवत नाही, पण माझ्यासाठी मांडलेली खुर्ची आठवते. म्हणून म्हटलं, या खेपेला माझ्या शेजारी असंच कोणीतरी बसू दे."

त्या इतकं सावकाश बोलल्या, की अप्पाला दहाच्या दहा शब्द कळले. त्याने ट्रे खाली ठेवला.

"मी त्यांना घेऊन येतो," तो ताईंना म्हणाला. "कुठूनही शोधून आणतो."

"बसने येणार होते म्हणे."

"दिसतात कसे?"

ताईंना माहीत नव्हतं. काकांनी अप्पाकडे जरा निरखून पाहिलं. "साधारण तुमच्यासारखेच असतील," ते म्हणाले. अप्पाने वर्णन लक्षात ठेवलं आणि एप्रनसकट निघाला.

बसस्टॉपवर खरंच एकजण होता. सावळा, अंगात नवंकोरं जाकीट, मांडीवर मोठी पिशवी, आणि वेळापत्रकाकडे हताशपणे लागलेली नजर. वर्णन तंतोतंत जुळत होतं.

"सगळे तुमची वाट बघतायत," अप्पा म्हणाला.

त्या गृहस्थाने मान हलवली. नव्या देशात माणूस पहिले काही महिने मान हलवूनच काढतो. अप्पानेही काढले होते, पण ते त्याला या घडीला आठवलं नाही.

"आई जेवायच्या थांबल्यात."

'आई' हा शब्द त्या माणसाला कळला असावा. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने आणखी जोरात मान हलवली. अप्पाने त्याची पिशवी उचलली. मागून बस आली. गृहस्थाने तिच्याकडे एकदा वळून पाहिलं, मग पिशवीकडे पाहिलं, आणि पिशवीमागून चालू लागला.

घरात टाळ्या पडल्या. आईंनी त्याला उशीच्या खुर्चीवर बसवलं, दोन्ही हातांनी त्याचा चेहरा कुरवाळला. ताईंनी पिशवी उघडली. आत बिचाऱ्याने स्वतःसाठी घेतलेलं नवं पातेलं होतं. "मला असंच हवं होतं," म्हणून आईंनी ते छातीशी धरलं. गृहस्थाने मान हलवली. अप्पा भिंतीपाशी उभा राहून डोळे पुसत होता.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं आणि केकचं खोकं घेऊन फोरमन आत आला. मागे अप्पाची बायको. केकवाल्याच्या शेजारीच तिचं दुकान, तेव्हा त्याने तिला गाडीतून आणलं होतं.

"तुम्ही एप्रन का घातलाय?" बायकोने विचारलं.

"पाहुणे आले का?" फोरमनने विचारलं.

सगळ्यांनी उशीच्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"हे कोण?" फोरमन म्हणाला. "आमचे पाहुणे हे." आणि त्याने अप्पाच्या खांद्यावर हात ठेवला.

ताईंनी कपाळाला हात लावला.

"पण वेळेची किंमत नसते असं तर हेच म्हणत होते," काका म्हणाले.

अप्पाला आणि ताईंना विचारून घेऊन बायकोने आईंना सगळा उलगडा करून सांगितला. बसस्टॉपवाले गृहस्थ ओशाळून उठायला लागले, पण आईंनी त्यांचा हात सोडला नाही. "त्यांना बसू दे," त्या म्हणाल्या. "माझ्या दुसऱ्या बाजूला जागा आहे." जागा होती, खुर्ची नव्हती. ती अप्पालाच आणावी लागली, कारण जादा खुर्च्या कुठे ठेवल्यात हे घरात त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

केक कापला, जेवणं झाली. आईंनी अप्पाच्या पाठीवरून हात फिरवत बरंच काही सांगितलं. आता त्या आनंदात होत्या, त्यामुळे भरभर बोलत होत्या.

"काय म्हणतायत?" अप्पाने बायकोला हळूच विचारलं.

"पुढच्या महिन्यात नातीचं लग्न आहे. तुम्ही नक्की यायचं म्हणतायत."

अप्पा खुर्चीत ताठ झाला. एका दिवसात लग्नाचं आमंत्रण म्हणजे काही कमी नव्हतं. "बघ," तो म्हणाला. "आणखी काय म्हणाल्या?"

"सकाळी उजाडतानाच या. बटाटे सोलायचेत."

"आणि हे?" अप्पाने पलीकडे केकचा दुसरा तुकडा खात मान हलवणाऱ्या गृहस्थांकडे पाहिलं.

"त्यांना जेवायच्या वेळेला बोलावलंय."