“आ करा” म्हणणारे मामा

माझं शिक्षण चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, अक्षर वाकडं आलं तर वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. लिहायचं आहे ते आमच्या काळेवाडीच्या गल्लीतल्या सोपानमामांबद्दल. मामा कुणाला रामराम करत नाहीत. खिशातून बॅटरी काढतात आणि म्हणतात, “आ करा.”

किराणावाला एकदा म्हणाला, “मामा, आधी बिल द्या, मग माझे दात मोजा.”

“दात न्हाई, गाल बघतोय. तंबाखूची पुडी कवा सोडणार?”

मामा हॉस्पिटलात शिपाई होते. तिथे तोंडाच्या, घशाच्या कॅन्सरवर अभ्यास चालायचा. एकाच माणसाच्या तोंडातले दोन तुकडे, एक गाठीचा, एक चांगल्या जागेचा, बर्फाच्या डब्यातून प्रयोगशाळेत पोचवायचं काम मामांचं. तिथल्या मॅडमनी समजावलेलं त्यांना पाठ आहे.

“पेशीपेशीत जनुकांचा, म्हंजी बटणांचा, बोर्ड सारखाच आस्तोय. चांगल्या जागी लागतील तेवढीच बटणं चालू. गाठीत वाढायची चालूच ऱ्हात्यात, थांबायची बंद पडत्यात. कुठली ती, हे दोन्ही तुकडे शेजारी ठेवून हुडकायचं.”

नळावर हेच, गिरणीत हेच. एका बारशात तर पाळण्यातल्या बाळालाच “आ कर” म्हणाले. मी चारचौघांत तोंड उघडत नाही, पण घरात बायका जमल्या की मामांची नक्कल मीच करायचे. बायका लोळून हसायच्या.

आणि मी स्वतः दातांना तंबाखूची मिश्री लावायचे. मामांनी विचारलं तेव्हा मी काळं बोट पदरात लपवून “नाही” म्हणाले होते.

मग गालात पांढरा चट्टा उठला. कुरुळीच्या कंपनीतल्या कॅन्टीनला मी चपात्या लाटते. तिथलं कालवण झोंबायला लागलं. घरी सांगितलं नाही. नवऱ्याला मिश्रीचं ठाऊकच नव्हतं. शेवटी मीच मामांच्या दारात उभी राहिले आणि आ केला.

मामांनी बराच वेळ पाहिलं. रागावले नाहीत. “उद्या दवाखान्यात जाऊ.”

“आठ दिवस थांबा ना मामा.” मला वाटलं होतं, आठ दिवस मिश्री बंद ठेवली की बटणं जागेवर येतील आणि डॉक्टरांना काही कळणार नाही. ते मी त्यांना सांगितलंसुद्धा.

मामा हसले नाहीत. म्हणाले, “पोरी, बटणं लाजेनं बंद हुत न्हाईत.”

डॉक्टरांनी तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण वाट तिकडचीच होती. चट्टा काढला, मिश्री सुटली. खर्च मामांनी केला आणि गल्लीत कुणापाशी बोलले नाहीत.

पगार झाला की मी थोडे थोडे पैसे द्यायचे. कुणी बघेल म्हणून दारातूनच हातावर ठेवायचे आणि वळायचे. “बस की,” ते म्हणायचे. मी “घाई आहे” म्हणायचे.

परवा शेवटचे पाचशे दिले. “मामा, फिटले सगळे.”

त्यांनी नोट पाहिलीसुद्धा नाही. ओट्यावर दोन कप चहा गाळून ठेवला होता.

“दर पगाराला दोघांचा करायचो,” मामा म्हणाले. “तू गेलीस की दुसरा बी मीच प्यायचो. आता तर तुला यायचं कारणच न्हाई ऱ्हायलं.”

मी तिथेच चपला काढल्या.