तिसऱ्यांदा विचारण्यास मनाई

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारपासून आमच्या वृद्धनिवासात ‘मदत करणे’ हे क्रियापद बंद करण्यात आलं. मदत बंद झालेली नाही, असं परिपत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं. बंद झालं ते फक्त क्रियापद. ते मोघम आहे, त्याचं मोजमाप होत नाही आणि त्यातून रहिवाशांच्या अपेक्षा वाढतात, असा निष्कर्ष दूरच्या राज्यातून बोलावलेल्या तज्ज्ञांनी काढला होता. त्याच अर्थाची बारा क्रियापदं त्यांनी बदली म्हणून दिली. विचारणे, सुचवणे, आठवण करून देणे, प्रोत्साहन देणे, नजर ठेवणे, अशी चढत चढत ती यादी अकराव्या ‘हात लावणे’पर्यंत जात होती. बारावं ‘आग्रह करणे’. ते लाल रकान्यात होतं. अर्थ: रहिवाशाच्या इच्छेवर दबाव. परिणाम: चौकशी.

मी तिथे एकवीस वर्षं नोंदी ठेवते. माझ्या वाट्याला ‘नोंदवणे’ हे एकच क्रियापद आलं. म्हटलं, चला, डोक्याला ताप नाही.

ताप निघाला ऑर्व्हिल टँडबर्ग यांच्या सुपातून. चौऱ्याऐंशी वर्षांचे गृहस्थ, उभी हयात लोहखनिज वाहणाऱ्या बोटीवर गेलेली. आता हात इतके थरथरायचे, की चमचा वाडग्यातून भरलेला निघायचा आणि तोंडाशी रिकामा पोचायचा. समोरच्याच खोलीत त्यांची बायको अर्डिस. तिला कुणाचीच ओळख उरली नव्हती. पण रोज सकाळी ऑर्व्हिल तिला त्यांची बोट चालायची त्या सुपिरियर सरोवरावरच्या हवामानाची बातमी मोठ्यानं वाचून दाखवायचे, तेवढा वेळ ती शांत बसायची. बाकी दिवसभर मग ‘आई कुठाय?’ म्हणून फिरत राहायची.

यादी लागू करायला तज्ज्ञांचा एक मूल्यमापक आला, डॅल्टन नावाचा, ॲरिझोनाचा. त्यानं ऑर्व्हिलना विचारलं, “जेवताना कुणी हात लावलेला चालेल का?”

“छे छे, नको. लोकांना कामं असतात,” ऑर्व्हिल म्हणाले.

डॅल्टननं लिहिलं: स्वावलंबी. क्रियापद चौथं, प्रोत्साहन.

आता काय बोलणार, कप्पाळ! आमच्या उत्तर मिनेसोटात पहिलं ‘नको’ ही नुसती रीत असते. दुसरं ‘नको’ समोरचा मनापासून विचारतोय की नाही हे बघण्यासाठी. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस ‘बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर’ म्हणतो आणि पोटभर जेवतो. पहिल्याच झटक्यात ‘हो’ म्हणणाऱ्याला आमच्याकडे हावरट म्हणतात. पण फॉर्मवर चौकट एकच होती.

दुसऱ्या दिवसापासून लॉनी हा सेवक ऑर्व्हिलच्या शेजारी उभा राहून टाळ्या वाजवू लागला. “वा, ऑर्व्हिल! चमचा धरलात! शाब्बास!”

“धरलाय रे बाबा, पण त्यात काही राहत नाही.”

“प्रयत्न महत्त्वाचा!”

पंधरवड्यात ऑर्व्हिलचं वजन पाच पौंड उतरलं. तेव्हा पाचवं क्रियापद जोडून नजर ठेवायला कार्ला ही सेविका आली. वजन आणखी उतरलं, तसा प्रोत्साहनाचा परिणाम तपासायला तिसरा माणूस आला. वाडगाभर रानतांदळाच्या सुपाभोवती तीन धडधाकट माणसं उभी, आणि सूप गार. एकदा न राहवून लॉनीचा हात चमच्याकडे गेला. कार्लाचं कामच नजर ठेवणं, तिनं कळवलं. मी नोंदवलं. लॉनीला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला धाडण्यात आलं.

खरी भीती वेगळीच होती. वजन एकशे तीस पौंडांच्या खाली गेलं, की रहिवाशाला एकशे दहा मैलांवरच्या केंद्रात हलवायचं, असा नियम. तिथे अकरावं क्रियापद, ‘हात लावणे’, मुबलक होतं. अर्डिससाठी खाट मात्र नव्हती.

मी आमच्या संचालिका मॅरिस हॉकन्सन यांच्याकडे गेले. टेबलावर रूबार्बच्या आंबटगोड वड्यांचा डबा उघडा होता.

“घे ना एक,” त्या म्हणाल्या.

“नको, आत्ताच जेवले.”

“अगं, घरी केल्यात.”

“खरंच नको हो.”

“मला वाईट वाटेल हं. उचल मुकाट्यानं!”

उचलली. छान झाली होती. मग मी म्हटलं, “बाई, ऑर्व्हिलना तिसऱ्यांदा विचारायला सांगा ना. हो म्हणतील ते.”

“तिसऱ्यांदा?” त्यांनी छातीवर हात ठेवला. “अगं, तो आग्रह झाला! माणसाच्या नकाराला काही किंमत आहे की नाही?” आणि माझ्या बशीत न विचारता दुसरी वडी ठेवली.

मग मीच ऑर्व्हिलची शिकवणी घेतली. “हे बघा, त्यानं विचारलं, की पहिल्याच फटक्यात ‘हो’ म्हणायचं.”

“पहिल्याच? पोरी, आईनं घराबाहेर काढलं असतं मला.”

“आई जाऊन पन्नास वर्षं झाली, ऑर्व्हिल.”

“तू ओळखत नाहीस तिला.”

आठ दिवस आम्ही एका शब्दाचा सराव केला. म्हातारा ‘हो’ म्हणायचा आणि कानापर्यंत लाल व्हायचा. शेवटी अर्डिसच्या खोलीकडे बोट दाखवलं, तेव्हा कुठे शब्द सरळ निघाला.

फेरमूल्यमापनाच्या दिवशी काटा एकशे एकतीसवर होता. डॅल्टननं विचारलं, “जेवताना कुणी हात लावलेला चालेल का?”

ऑर्व्हिलनी माझ्याकडे पाहिलं. “हो,” ते म्हणाले.

माझा जीव भांड्यात पडला. पण तेवढ्यावर थांबतील तर ते टँडबर्ग कसले! “म्हणजे, कुणाला वेळ असला तर. नसला तर राहू द्या. माझं काय, भागतं.”

डॅल्टननं पेन वर धरलं. “मग नक्की काय लिहू?”

ऑर्व्हिलनी सगळ्यांकडे पाहिलं. तिघं सेवक आपापल्या वहीत डोकं खुपसून उभे. “राहू द्या,” ते हळूच म्हणाले.

हा दुसरा नकार होता. डॅल्टन सोडून खोलीतल्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं, की आणखी एकदा विचारलं तर हा माणूस हो म्हणेल. आम्ही सगळे इथलेच, सगळे असेच वाढलेले. मॅरिसबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. लॉनीनं वहीचं पान उलटलं. मी घड्याळ पाहिलं आणि वेळ नोंदवली: अकरा चाळीस. देवा, एका वाक्याचं तर काम होतं.

शुक्रवारी काटा एकशे एकोणतीसवर आला. शनिवारी व्हॅन आली. ऑर्व्हिलना चाकाच्या खुर्चीसकट चढवलं, तेव्हा त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, तिन्ही सेवकांचे तर नावानिशी.

“ऑर्व्हिल, काही लागलं तर सांगा हं,” मी म्हणाले.

“नाही नाही, सगळं आहे.”

“नक्की?”

“नक्की. तू जा आत, थंडी आहे.”

मी आत गेले. खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं.

अर्डिस आता सकाळी दाराकडे तोंड करून बसते आणि जेवायच्या वेळेपर्यंत उठत नाही. ‘शांत’ अशी तिची नोंद होते. ती मीच करते.

तुम्ही वाचता वाचता चुकचुकलात, ते कळलं मला. मागच्या महिन्यात तुम्हीही कुणाला तरी म्हणाला होतात ना, ‘काही लागलं तर सांगा’? ते ‘नको, नको’ म्हणाले आणि तुम्ही घरी आलात.

किती वेळा विचारलं होतंत?