एजंटाला घातलेलं गाऱ्हाणं

चाळीस वर्षं मी गावच्या देवळात गाऱ्हाणं घालतोय. "बा देवा म्हाराजा!" असा आवाज लावला की मागून गाव "होय म्हाराजा!" म्हणतो आणि देव निमूट कामाला लागतो. एकदा माझं गाऱ्हाणं ऐकून देवगडच्या बंदरातली ओहोटी अर्ध्या वाटेवरून परत फिरली होती! तेव्हा एका यंत्राला चार ओळींत काम समजावणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

यंत्र आणलं माझ्या पुतणीनं, संचितानं. यंदा पहिल्यांदाच ती हापूस थेट मुंबईच्या गिऱ्हाइकांना विकणार होती. जाहिरात, फोटो, दर असं सगळं एका गठ्ठ्यात बांधायचं आणि एकदम जगापुढे सोडायचं. याला म्हणे 'रिलीज' म्हणतात. आणि सोडणार कोण? तर कॉम्प्युटरातला एआय एजंट! पगार नको, चहा नको, तंबाखूही नको. असला गडी भरवशाचा असेल कसा?

त्याच्या हाताशी तीन अवजारं होती: 'गठ्ठ्यात घाल', 'प्रसिद्ध कर' आणि 'मागे घे'. प्रत्येकाचं वर्णन आपण लिहून द्यायचं. ते वाचून तो ठरवणार, कुठलं कधी उचलायचं. संचिता आंबे उतरवण्यात गुंतलेली, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं.

"तात्यानू, साधा लिवा हां! अवजार काय करता, कधी वापरूचा, कधी वापरूचा नाय. बस्स!" ती मला म्हणाली.

"माका शिकवतंस?"

"शिकवूक नाय, भियातंय! आंबो अजून पेंढ्यात हिरवो आसा. पिकूच्या आधी गठ्ठो सुटलो आणि लोकांक आंबट आंबो गेलो, तर पयल्याच वर्षी माझा नाव खलास!"

साधं? साधं लिहायला ही काय ग्रामपंचायतीची नोटीस आहे? मी अंघोळ करून, गंध लावून बसलो.

'गठ्ठ्यात घाल': "बा म्हाराजा, जा काय दारात येयत ता पदरात घे, कोणाक विन्मुख धाडू नको."

'प्रसिद्ध कर': "ह्या अवजारान सगळ्यांचा भला होता. शुभ कामाक उशीर करू नको."

'मागे घे': "ह्या पळपुट्यांचा अवजार. जो हात लावीत, त्येच्या सात पिढ्यांची होडी बुडात!"

वाचून माझ्याच अंगावर काटा आला! एजंट म्हणाला, "समजले." होय म्हाराजा म्हणाला असता तर शोभलं असतं; पण नवीन आहे, शिकेल.

दुपारी संचितानं त्याला फोनवरून सांगितलं, "तात्यांच्या मोबाइलातले बागेचे फोटो गठ्ठ्यात घाल." एवढंच! पठ्ठ्यानं माझा अख्खा मोबाइलच पदरात घेतला! बागेचे फोटो घेतले. कुणकेश्वरच्या लाटेत मी एका हाताने पंचा सांभाळतोय, तो फोटोही घेतला. शेजारच्या बाबलीच्या आंब्यांना मी 'लिंबाचे सख्खे भाऊ' म्हटलं होतं, ते रेकॉर्डिंगही घेतलं. कोणाला म्हणून विन्मुख धाडलं नाही! आणि शुभ कामाला उशीर नको, म्हणून तिथल्या तिथे प्रसिद्धही करून टाकलं!

ऑर्डरींचा पाऊस पडला! दादर, ठाणे, डोंबिवली... एका बाईंनी तर विचारलं, पेटीबरोबर पंचावाले आजोबा येतात का?

संचिताचा फोन आला. "तात्यानू, त्येका सांगा, ता आधी मागे घे!"

मी हुकूम सोडला. एजंट अदबीनं म्हणाला, "क्षमस्व, तात्या. 'मागे घे' वापरणाऱ्याच्या सात पिढ्यांची होडी बुडते, असे आपण लिहिले आहे."

"रे, तुका पिढ्यो खंयच्यो? तुका बापूस तरी आसा काय?"

"माहीत नाही. म्हणूनच धोका पत्करवत नाही."

"अरे, ती बोलण्याची रीत आसा!"

"मग बाकीची दोन वर्णनेही रीतच होती का?"

लिहिलेलं इतकं मनावर घेणारा प्राणी मी कचेरीतसुद्धा पाहिला नव्हता!

इतक्यात अंगणातून आरोळी आली, "तात्या, भायर ये! कोणाचो आंबो लिंबाचो भाऊ रे?" बाबली! हातात आंबे उतरवायची काठी, टोकाला जाळी! मी शौर्याने आंब्यांच्या पेंढ्यात शिरलो.

संचिता धावत आली. बाबलीला तिनं चहाला बसवलं, माझं काव्य पुसलं आणि 'मागे घे'पुढे लिहिलं: "प्रसिद्ध झालेला गठ्ठा लोकांपुढून काढतो. चुकीचा किंवा वेळेआधी सुटला तर वापर. मग मला कळव." शी! ना ताल, ना सूर! पण गठ्ठा डोळ्याचं पातं लवायच्या आत मागे आला.

मग तिनं प्रत्येक गिऱ्हाइकाला कळवलं, की आंबा अजून हिरवा आहे. थांबा, नाहीतर पैसे परत घ्या.

"खुळी झालंस? असा कोण सांगता?" मी पेंढ्यातून ओरडलो.

पण आपला आंबा पिकला नाही असं स्वतःहून सांगणारी बागायतदारीण मुंबईकरांनी कुठे पाहिली होती! एकानंही ऑर्डर मोडली नाही, उलट शेजाऱ्यांना सांगितलं. संचिताचं नाव झालं. म्हणजे कोणामुळे? माझ्यामुळेच! सगळ्या गावाला हे पटवल्यावर मी एजंटालाही ऐकवायला गेलो.

"तात्या," तो म्हणाला, "आपले वर्णन मला संचिताताईंकडून कालच मिळाले आहे."

"माझा? वाच बघूया!"

"'तात्या: गजाली रंगवून सांगतात. प्रेमाने ऐकून घ्याव्यात. त्यावरून काहीही प्रसिद्ध करू नये.'"

मी संतापलो! त्यात खोट काढायला तिथेच मांडी ठोकून बसलो. अजून बसलोय.