तुपातली होडी

डोंबिवलीच्या पूर्वेला, समुद्रापासून चांगलं पंचवीस मैल आत, स्वतःच्या परसात शिडाची होडी पुरी करून दाखवणारा पहिला माणूस मी! पहिला आणि, आमच्या हिच्या मते, शेवटचा.

गोष्ट त्रेपन्न सालची. हे खूळ माझ्या डोक्यात भरलं ते कीर्तनात. ठाण्याला कोपरीत गुरुदत्तबुवा राहायचे. बुवा उभे राहिले की पूर्वरंगातच माणूस घरचा पत्ता विसरायचा. चैत्रात त्यांनी देवाला नदीपार नेणाऱ्या नावाड्याचं आख्यान लावलं. नावाडी देवाचे पाय धुतो तिथे तर माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. तेवढ्यात बुवा बुक्का लावायला जवळ आले आणि मी बोलून गेलो, "बुवा, येत्या त्रिपुरी पौर्णिमेला कीर्तन आमच्या डोंबिवलीच्या महादेवापुढे! आणि त्याआधी खाडीपलीकडच्या देवाचं दर्शन माझ्या होडीतून!"

"आपल्याकडे होडी आहे?"

"होईल!"

चारशे माणसांनी ऐकलं. आता माघार कशी घेणार?

कोपर गावात खाडीच्या काठी काळुराम होड्या बांधायचा. त्याच्याकडे एक अर्धवट सांगाडा पडून होता. फळ्या ठोकलेल्या, पण सांधे उघडे. डोलकाठी नाही, शीड नाही, रंग नाही.

"हितंच पुरी करतंव, अण्णा," काळुराम म्हणाला. "पान्याची वस्तू पान्याजवल बरी."

"नाही! माझ्या परसात, माझ्या डोळ्यांसमोर झाली पाहिजे. बुवा बसणार त्या होडीला माशाचा हात लागता कामा नये!"

काळुरामने स्वतःच्या हाताकडे उलटसुलट पाहिलं, धोतराला पुसला आणि बैलगाडी जुंपली.

होडी परसात आली त्या दिवसापासून मला एक मिनिट शांतता नाही! शेजारपाजारचे रोज सकाळी दात घासत कुंपणाशी उभे. "काय अण्णा, यंदा पूर येणार म्हणतात?" अरे, पूर येवो तुमच्या घरात! डोलकाठी उभी केली तर ती हिच्या वाळवणाच्या दोरीत अडकून माझी दोन धोतरं वर गेली आणि समोरच्या चाळीतली पोरं झेंडावंदनाला उभी राहिली. शीड शिवायला बाजारातल्या तानाजी शिंप्याकडे टाकलं. जन्मभर सदरे शिवलेला माणूस! शीड घेऊन आला, मी ते उलगडलं, आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"तानाजी, हे काय आहे?"

"खिसा, अण्णा."

"शिडाला खिसा?"

"वारा भरायचाय म्हणालात ना? मग खिसा नको?"

मी इतका ओरडलो की झाडावरचे कावळे उडाले. तानाजी मात्र जागचा हलला नाही. "काजं-बटणं करायची राहिलीत, ती उद्या करून देतो," म्हणाला आणि गेला!

पण खरी ठिणगी पडली ती तेलावरून. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी शिरू नये म्हणून कापसाची लांब वात वळून, तेलात भिजवून, बोथट छिन्नीने सांध्यात ठोकून बसवतात. त्यावर राळ. काळुराम एक डबा घेऊन आला. त्याने झाकण काढलं मात्र, आमची तुळससुद्धा मान वळवेल असा वास सुटला.

"हे काय?"

"माशाचं तेल. वात ह्याच्यानच भिजवायची."

"माशाचं तेल? माझ्या होडीला? जीत बुवा बसून अभंग म्हणणार?"

"अण्णा, अभंग तुमी वर बसून बोलनार. तेल खालती ऱ्हानार. त्यांची गाठ नाय पडत."

"चालणार नाही! सात्त्विक काहीतरी आण."

"मंग काय तूप लावू?" काळुराम चिडून म्हणाला.

"लाव! तूप लाव!" मी त्याच्या वरताण ओरडलो. "आमच्या घरात तुपाला तोटा नाही!"

तोटा होता. पण संतापात माणूस घरचे डबे थोडेच बघतो?

आता अक्काची ओळख करून दिली पाहिजे. अक्का माझी थोरली बहीण. तिचे यजमान गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. पासष्टीची, सुपारीएवढी मूर्ती, आवाज कधी चढलेला कोणी ऐकला नाही. तिने त्या वर्षी लक्ष वातींचा नवस केला होता. आषाढी एकादशीपासून माजघरात बसून कापसाच्या वाती वळायच्या, हजाराची एक अशा शंभर जुड्या बांधायच्या, तुपात भिजवायच्या आणि त्रिपुरीला महादेवापुढे लाखाच्या लाख लावायच्या. चार महिने बोटांची सालं निघाली बिचारीच्या. कीर्तनात मी टाळ धरायचो, ती कापूस धरायची.

पौर्णिमा उजाडली तरी होडीचे सांधे भरायचे राहिलेच होते. भरती दुपारी दोनला. मी सकाळीच बुवांना आणायला कोपरीला निघालो. अक्का नदीवर स्नानाला गेलेली. चपला घालताना वासंतीने, म्हणजे आमच्या हिने, विचारलं, "अहो, काळुराम येणार आहे ना? त्याला काय काय..."

"तो मागेल ते दे!"

"पण काय मागेल ते..."

"प्रश्न विचारू नकोस! आजच्या दिवशी मला एकही प्रश्न नको! मागेल ते, मागेल तेवढं, मुकाट्याने!"

इथेच घात झाला.

दीडच्या सुमाराला बुवांना घेऊन परतलो तर दारात बैलगाडी, गाडीवर होडी, होडीवर शीड, भोवती अर्धी डोंबिवली! आणि काय तो सुवास! खमंग साजूक तुपाचा! होडीला राळेची चकाकी, तळाशी मुंग्यांची रांग, मागच्या बाजूने एक कुत्रं डोळे मिटून फळी चाटत होतं.

"वा!" बुवा म्हणाले. "होडी आहे की अनरसा?"

"सात्त्विक आहे, बुवा!" मी छाती फुगवून म्हणालो. "काळुराम, शाबास! तूप कुठून आणलंस?"

"तुमचे घरानशीच. वयनींनी दिलं. भिजवलेल्या वातीच दिल्या, येकदम तयार! मना काय कामच नाय ऱ्हायलं. वलल्या नि ठोकल्या."

तेवढ्यात घरातून अक्का बाहेर आली. हातात रिकामा पितळी डबा.

"बाळ," ती म्हणाली, "माझ्या वाती कुठेत रे?"

कुत्रंसुद्धा चाटायचं थांबलं.

"वासंती!" मी गर्जलो. "तू अक्काच्या वाती दिल्यास?"

"मला वाटलं, देवळात पोचवायला तुम्ही काळुरामला पाठवलंत!" ती पण आता पदर खोचून उभी राहिली. "तो म्हणाला, 'वयनी, वाती द्या, हाईत तेवढ्या.' मागेल ते दे, प्रश्न नको, असा हुकूम कोणाचा होता?"

"काळुराम! तुला कळलं नाही त्या देवाच्या आहेत?"

"मी वात मांगली, वात गावली! आमचे धंद्यान वात म्हंजे होरीचीच. तूप लाव, असा तुमीच बोललाव ना? मना वाटला, बामनाचे घरान होरीची वात पन तुपाची असल!"

गर्दी हसली. मी गर्दीवर ओरडलो. बैल बुजला, त्याच्यावर ओरडलो. काजं-बटणं घेऊन तानाजी नेमका तेव्हाच आला, त्याच्यावर तर मी मनापासून ओरडलो. तेवढ्यात बघतो तर काय, अक्का चाकावर पाय देऊन गाडीत चढली, तिथून होडीत, आणि मधल्या फळीवर मांडी घालून बसली!

"अक्का, उतर! भरती चाललीय!"

"माझ्या वाती इथे, मी इथे," अक्का शांतपणे म्हणाली. "देवाला बोललेल्या आहेत. नेणार असलास तर होडीच ने देवळात आणि लाव तिथे."

"होडी जाळू?"

"मी कुठे जाळ म्हणाले? वाती लाव म्हणाले."

मी हात जोडून बुवांकडे वळलो. "बुवा, तुम्हीच सांगा! दुसऱ्या वाती चालतील ना? बाजारातून कापूस आणू, चार बायका बसवू..."

बुवांनी डोळे मिटले, उपरणं सारखं केलं. मला वाटलं, आता माझ्या बाजूने एखादा दृष्टांत येणार! बुवा म्हणाले, "अण्णा, देवाला होडीची गरज नाही, त्याला पोहता येतं. या माउलीच्या चार महिन्यांची मात्र त्याला गरज आहे. उकला."

झालं! ज्या माणसासाठी सहा महिने लोकांची थट्टा सोसली, तोच म्हणतो उकला! मी छिन्नी उचलली. काय माझा अवतार असेल तो! एकेक सांधा उचकटत होतो आणि एकेकाचा उद्धार करत होतो. आधी तानाजी, मग काळुराम, मग मासे, मग चारशे श्रोते ज्यांनी मला चैत्रात गप्प बसवलं नाही! काळुराम दुसऱ्या बाजूने मुकाट्याने उकलत होता. वासंती स्वयंपाकघरातून सांडशी घेऊन आली. बुवांनीसुद्धा झांजा खाली ठेवून बाह्या सरसावल्या. आणि अक्का होडीत बसून निघालेली प्रत्येक वात मांडीवर घेत होती, मुंग्या झटकत होती.

शेवटचा सांधा मोकळा झाला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. काळुरामने एक डोळा मिटून आकाशाकडे पाहिलं.

"अण्णा, पानी उतारलं."

"उतरू दे!"

"होरी पन चाळन झाली."

"होऊ दे!!"

दिवेलागणीला महादेवापुढे एका मोठ्या कढईत त्या वाती ठेवल्या. वाती कसल्या, तूप, राळ, भुसा आणि मुंग्या यांचा एक जाडजूड दोरखंड! अक्काने हात जोडून काडी लावली. राळच ती! भक्कन अशी ज्वाळा उठली की मूळ त्रिपुरासुरालाही एवढी आच लागली नसेल. पुजारी मागे सरला तो थेट विहिरीपाशी. देवळात काळा धूर, बुवांचा मंगलाचरणातच ठसका, पण काय सांगू, अक्काचा चेहरा! त्या उजेडात चार महिन्यांचा शीण धुऊन निघाला होता. बुवांनी तेच धरून निरूपण केलं, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांना पुन्हा धारा लागल्या. धुराच्या नव्हे.

कीर्तन झालं. बुवांनी अक्काला वाकून नमस्कार केला. "माउली, एवढा मोठा नेम! विचारू नये, पण नवस कशाचा होता?"

अक्का संकोचली. तिने माझ्याकडे पाहिलं, वासंतीकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "दुसरं काय मागणार, बुवा? आमच्या बाळचा राग तेवढा कमी होऊ दे म्हणून."

"माझा राग?" मी ताडकन उठलो. "मला राग येतो? मला? कोण म्हणतं मला राग येतो? ह्या अख्ख्या देवळात एक माणूस दाखव..."

माझा आवाज घुमटातून परत आला. अक्का गुडघ्यांवर हात ठेवून सावकाश उठली, पदर सारखा केला आणि हिला म्हणाली,

"वासंती, उद्या कापूस आण गं. एका लाखात भागणारं काम नाही हे."